झडती सगळ्यांचीच हवी

मागल्या रविवारी सकाळी भाजी घेऊन घरी आलो, तर ओट्यावर पलीकडच्या गल्लीतील एक बाई आणि तिचा मुलगा आमची वाट पाहत बसलेले. मुलगा आयटीआयमधून प्लंबरचे काम शिकलेला. वर्षभर घरी बसल्यावर एका ठेकेदाराकडे लागला आणि महिन्यापूर्वी त्या ठेकेदाराला तुरुंगातील जुने नळ व सांडपाण्याचे पाइप बदलण्याचे काम मिळाले. बाई म्हणाली, "भाऊ, ह्याला तुम्हीच काही सांगा. काम सोडतो म्हणतो."

आम्ही विचारले, "का रे बाबा? रोजी वेळेवर मिळत नाही का?"

"रोजी मिळते काका. पण गेटवर शिपाई माझी भाकरी मोडून बघतो. भाजीत चमचा घालून ढवळतो. चपला काढायला लावतो. सगळ्यांसमोर. मी काय चोर आहे का?"

यावर एकदम काही बोलवेना. भाकरी ही आपल्या घरांत साधी गोष्ट नाही. वरून टाकलेली भाकरी ओंजळीत झेलणाऱ्या माणसांची आपण नातवंडे-पतवंडे. त्यामुळे कुणी वर्दीवाल्याने आपल्या पोराची भाकरी मोडली की ते मनाला लागणारच. पोराचा राग आम्हांला चुकीचा वाटला नाही. पण त्या रागापायी त्याने काम सोडावे, हेही पटले नाही. त्या दिवशी त्याला जे सांगितले, तेच जरा विस्ताराने या आठवड्याच्या सदरात मांडत आहोत, कारण आपल्या वस्त्यांतील कितीतरी मुले गवंडी, वायरमन, रंगारी, प्लंबर, वेल्डर म्हणून अशा ठिकाणी ठेकेदारामार्फत जातात.

आम्ही कारकून माणूस. इमारत-दुरुस्तीची बिले तपासणे हे आमचे रोजचे काम. त्या निमित्ताने मोजमापाची वही काखेत मारून आम्हांला चार-पाच वेळा एका मध्यवर्ती कारागृहाच्या आत जावे लागले आहे. पहिल्या वेळी आमचीही छाती धडधडत होती.

तुरुंगाचे मोठे दार क्वचितच उघडते. माणसांसाठी त्यात छोटी दिंडी असते, तीतून वाकून जावे लागते. आत पाऊल टाकले तरी लगेच तुरुंग लागत नाही. दोन दारांच्या मधली एक जागा असते आणि तिथला पहिला नियम हा, की पुढचे दार उघडण्याआधी मागचे बंद झाले पाहिजे. दोन्ही दारे एका वेळी उघडी ठेवायची नाहीत. त्या मधल्या जागेत सगळी तपासणी. मोबाईल, पैसे, तंबाखूची पुडी, चुन्याची डबी, काडेपेटी सगळे तिथेच जमा करायचे. मग नाव, कुणाचा माणूस, किती वाजता आत. आणि मग हत्यारांची यादी. पाइप पाने दोन, छिन्नी एक, हातोडा एक, हेक्सॉची फ्रेम एक, ब्लेड सहा. संध्याकाळी याच यादीवर बोट ठेवून एकेक वस्तू परत मोजायची. आमच्यासारख्या बी.कॉम. झालेल्या माणसाला ते पाहून बरेच वाटले. आत गेले तेवढे बाहेर आले पाहिजे, शिल्लक शून्य. असा हिशेब कुणाला आवडणार नाही?

बाहेर ज्या वस्तूला आपण किंमत देत नाही, तिची आत किंमत बदलते. शिडी म्हणजे आपल्याला शिडी, आत ती अर्धी भिंत. रात्री परांची तटाला टेकवून ठेवली तर ती कुणासाठी ठेवली, असाच प्रश्न निघणार. उरलेले वायरचे तुकडे, दोर, मूठभर ओले सिमेंट यांचीही तीच गत. कापलेल्या गजाची खूण झाकायला मूठभर लांबीसुद्धा पुरते. आणि जी वस्तू यादीत लिहिता येत नाही ती म्हणजे माहिती. कोणता पाइप कुठून कुठे जातो, कोणत्या भिंतीमागे पोकळी आहे, कोणता दिवा महिनाभर बंद आहे, हे प्लंबरला आणि वायरमनला जेलरपेक्षा जास्त ठाऊक असते. चहाच्या टपरीवर मित्रांत बसून सहज सांगितलेली गोष्ट कुठे पोचेल याचा नेम नसतो.

आता आमच्यासमोर घडलेली हकिगत सांगतो. काही वर्षे झाली. त्या दिवशी आम्ही मोजमाप संपवून संध्याकाळी कामगारांबरोबरच बाहेर पडत होतो. यादीवर ब्लेड सहा. हातात आली साडेपाच. एक ब्लेड मोडले होते आणि त्याचा अर्धा तुकडा नव्हता. वीतभरापेक्षाही लहान पाते. बाहेर हार्डवेअरच्या दुकानात चहाच्या पैशांत मिळेल. पण हवालदाराने वही मिटली आणि म्हणाला, तुकडा मिळाल्याशिवाय कुणी बाहेर जाणार नाही.

कामगार पाच, शिवाय मुकादम आणि आम्ही. सगळ्यात लहान होता एकोणीस वर्षांचा हेल्पर, आपल्यातलाच. पहिल्या दहा मिनिटांतच मुकादमाने त्याच्याकडे बोट केले. "ह्यानेच दिला असेल कुणाला तरी. दुपारी कैद्यांशी बोलत होता." पोराच्या तोंडचे पाणी पळाले. कैद्याने त्याला पाणी मागितले होते आणि त्याने दिले होते, एवढेच ते बोलणे. पण त्या घडीला कोण ऐकणार? सगळ्यात खालचा माणूस हाताशी असला की दोष ठेवायला वरची माणसे शोधावी लागत नाहीत.

त्याला वाचवले त्या हवालदाराच्या वहीने. म्हातारा, निवृत्तीला आलेला, सगळ्यांना वैताग आणणारा माणूस. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीतही त्याने हत्यारे मोजली होती, तेव्हा सगळे त्याच्यावर चिडले होते. त्या नोंदीत दीड वाजता ब्लेड सहाच्या सहा अखंड होती. आणि अंतर्गत फाटकावरच्या वहीत पोरगा दोनपासून पाचपर्यंत सिमेंटची घमेली वाहत होता, असे वेळेसह लिहिलेले होते. म्हणजे ब्लेड मोडले तेव्हा तो तिथे नव्हताच. मग तिथे होते कोण? मुकादम स्वतः. रात्री नऊच्या सुमारास संडासच्या पाइपच्या वळणात, नुकत्याच भरलेल्या मालात तो तुकडा सापडला. मोडून पडला होता आणि मुकादमाने घाईत वरून सिमेंट सारले होते. लबाडी नव्हती, हलगर्जीपणा होता. पण तुकडा मिळाला नसता आणि वहीत नोंद नसती, तर त्या रात्री पोलीस चौकीत कोण बसले असते, हे वाचकांना सांगायला नको.

त्या दिवसापासून आम्ही झडतीकडे आणि मोजदादीकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो.

एवढ्याशा पात्याची एवढी धास्ती कशाला, असे कुणाला वाटेल. 31 मार्च 2015 रोजी नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहातून पाच कच्चे कैदी पहाटेच्या अंधारात पळाले. बराकीच्या खिडकीचे गज कापून बाहेर आले आणि चादरी बांधून भिंत चढून गेले. ती बातमी आपल्याकडे खूप गाजली. त्यानंतर सव्वादोन महिन्यांनी अमेरिकेत जे घडले, ते तर दुरुस्तीचे काम करणाऱ्या प्रत्येकाने ऐकावे असे आहे.

न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेला, कॅनडाच्या सीमेजवळ डॅनेमोरा नावाचे गाव आहे. तिथला तुरुंग 1845 सालचा. उंच भिंती, बुरूज, पहारे, पैशाला कमी नाही. 6 जून 2015 रोजी सकाळच्या मोजणीत शेजारशेजारच्या कोठड्यांतील दोन कैदी नाहीत असे दिसले. दोघेही खुनाच्या गुन्ह्यातील. अंथरुणात कपड्यांची बाहुली करून ठेवलेली. कोठडीच्या मागच्या पोलादी पत्र्याला चौकोनी भोक. त्या पत्र्यामागे पाइप आणि वायरी जाण्यासाठी ठेवलेली अरुंद वाट होती, म्हणजे देखभालीच्या माणसांचीच वाट. तीतून खाली भुयारात उतरून त्यांनी विटांची भिंत फोडली. पुढे इमारत गरम ठेवणारा वाफेचा मोठा पाइप होता. उन्हाळा लागला म्हणून वाफ बंद झालेली, पाइप गार पडलेला. तो कापून त्यातून सरपटत ते बाहेरच्या रस्त्यावरील मॅनहोलमधून निघाले. एक जण 26 जूनला गोळीबारात मेला, दुसरा 28 जूनला जखमी होऊन सापडला.

पोलाद कापायला पाती आली कुठून? कैद्यांना शिवणकाम शिकवणाऱ्या एका महिला कर्मचाऱ्याने ती आणली होती. रोज येणारी, ओळखीची, पगारी बाई. कर्मचाऱ्यांच्या पिशव्या गेटवर सहसा कुणी उघडतच नव्हते. शेवटी शेवटी तर तिने गोठवलेल्या खिम्याच्या गोळ्यात हत्यारे दडवली आणि तो खिमा एका पहारेकऱ्याने धातू शोधणाऱ्या यंत्रातून न नेता कैद्यापर्यंत पोचवला. आत काय आहे हे ठाऊक नव्हते, असे त्याचे म्हणणे. दोघांनाही शिक्षा झाली.

पोराला आम्ही इथे थांबवून विचारले, "त्या पहारेकऱ्याने खिमा मोडून बघितला असता तर?" पोरगा गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे माझी भाकरी..."

पुढच्या वर्षी, 2016 साली, त्या राज्याच्या महानिरीक्षकांचा चौकशी अहवाल आला. त्यात कुठल्या मोठ्या कटापेक्षा रोजच्या बारीक चुकाच जास्त निघाल्या. कोठडीची मागची बाजू ठरल्याप्रमाणे तपासायची होती, ती नीट तपासली जात नव्हती. पाइपांच्या वाटेत कुणी फिरकत नव्हते. रात्रीच्या मोजणीत अंथरुणात खरोखर जिवंत माणूस आहे हे पाहायचे असते, तसे न पाहताच नोंदी होत होत्या. एक कैदी कित्येक रात्री कोठडीबाहेर भुयारात काम करीत होता आणि कागदावर तो झोपलेला होता. भुयारात दुरुस्ती करणाऱ्यांनी ठेवलेली हत्यारेही त्याने वापरली. काम झाल्यावर पेटी तिथेच ठेवून जाणे म्हणजे काय, हे आपल्या मुलांना यावरून समजावे. रोज उचलून न्यायचा कंटाळा प्रत्येकालाच येतो.

आपल्याकडचेही एक उदाहरण जुन्या वाचकांना आठवत असेल. 16 मार्च 1986 रोजी चार्ल्स शोभराज तिहारमधून पळाला तो वाढदिवसाच्या मिठाईच्या जोरावर. मिठाईत गुंगीचे औषध होते आणि पहारेकऱ्यांनी ती आनंदाने खाल्ली. पुढच्याच महिन्यात मुंबई पोलिसांचे इन्स्पेक्टर मधुकर झेंडे यांनी त्याला गोव्यात पकडले, म्हणून आपल्याला त्या गोष्टीचा शेवटच जास्त माहीत. सुरुवात पेढ्यांनी झाली, हे आपण विसरतो.

मग भाकरी मोडणाऱ्या शिपायाचे सगळे बरोबर आहे का? नाही. आम्ही पोराला विचारले, "ठेकेदाराची बॅग उघडतात का?" म्हणाला, "नाही. सलाम करतात." "आणि तुमच्या इंजिनियरची?" "त्यांची गाडीच बाजूने आत जाते." खरा दोष इथे आहे. भाकरी मोडली हा अपमान नव्हे. एकाची भाकरी मोडली आणि दुसऱ्याची बॅग बंदच आत गेली, हा अपमान आहे. आणि नुसता अपमानच नव्हे, तर धोकाही तिथेच आहे. डॅनेमोऱ्यात पाती मजुराच्या डब्यातून आली नाहीत. ज्यांना तपासायची गरज नाही असे सगळ्यांना वाटत होते, त्यांच्या पिशवीतून आली. 1894 च्या कारागृह कायद्यातही गेटवरच्या अधिकाऱ्याला आत-बाहेर जाणारी कोणतीही वस्तू तपासण्याचा अधिकार दिला होता. त्यात मजुराची वस्तू आणि साहेबाची वस्तू असा भेद नव्हता. म्हणून आमचे म्हणणे, आमची झडती कमी करा असे मागू नये, सगळ्यांची करा असे मागावे. भाकरी मोडताना हात स्वच्छ असावा, आणि "अरे-तुरे" न करता बोलावे, हे मात्र जरूर मागावे. शिपायालाही ते अवघड नाही.

बोलता बोलता त्या बाईने मुलाकडे पाहिले आणि हळूच म्हणाली, "ते पण सांग की." तेव्हा दुसरी गोष्ट बाहेर आली. तीच खरी अडचण होती, भाकरी हे निमित्त.

त्यांच्याच गल्लीतील एका म्हातारीचा मुलगा वर्षापेक्षा जास्त काळ त्याच तुरुंगात कच्चा कैदी आहे. त्याला दमा आहे. पोरगा आत जातो हे कळल्यावर म्हातारी संध्याकाळी येऊन बसते. "एवढा पंप त्याला नेऊन दे रे बाळा. तुझ्या पाया पडते." आई म्हणते, नेला नाही तर गल्लीत तोंड कसे दाखवायचे? पोरगा म्हणतो, नेला आणि धरला तर? या कात्रीत सापडून त्याने काम सोडायचे ठरवले होते.

देशातील तुरुंगांत चारपैकी तीन माणसे कच्चे कैदी आहेत, आणि अनुसूचित जातींची माणसे लोकसंख्येतील आपल्या प्रमाणापेक्षा तिथे जास्त आहेत. त्यामुळे आपल्या वस्तीतील मुलगा पाइप दुरुस्त करायला आत गेला की ओळखीचा चेहरा भेटणारच. चिठ्ठी, बिडीचे बंडल, मोबाईलचे कार्ड, आईने दिलेला लाडू, काहीतरी मागितले जाणारच. मागणारा वाईटच असतो असे नाही. पण परवानगीशिवाय वस्तू आत नेणे हा त्या 1894 च्या कायद्यात कलम 42 खाली गुन्हाच ठरवला होता. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दोनशे रुपये ऐकून हसू नये. एकदा नाव लागले की पुढे पोलीस पडताळणी जिथे मागतात तिथे प्रत्येक दार बंद होते. आणि पंपाच्या डबीत पंपच आहे, हे नेणाऱ्याला तरी कुठे ठाऊक असते? त्या अमेरिकन पहारेकऱ्यालाही हातात खिमाच आहे असे वाटत होते.

म्हणून सोमवारी अर्धी रजा टाकून आम्ही म्हातारीबरोबर गेलो. सरकारी दवाखान्याचे जुने कागद तिच्याकडे होते. त्यांच्या प्रती जोडून अधीक्षकांच्या नावे अर्ज लिहिला, की बंद्यास दम्याचा विकार आहे, तुरुंगातील वैद्यकीय अधिकाऱ्यांनी तपासून औषध द्यावे. आवक क्रमांक घेतला. आवक क्रमांक घेतल्याशिवाय कोणत्याही खिडकीवरून हलू नये, ही आमची जुनी विनंती वाचकांना पाठ असेलच. शिवाय जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात गेलो. अटकेत असलेल्या माणसाला आणि अनुसूचित जातीच्या माणसाला 1987 च्या कायद्याने मोफत वकील मिळतो, हे म्हातारीला वर्षभरात कुणी सांगितलेच नव्हते. शुक्रवारी मुलाखतीला गेली तेव्हा मुलाच्या खिशात पंप होता. मुलाने जाळीतून दाखवला, असे ती सांगत होती.

आता एक गोष्ट ठेकेदारांसाठी आणि ज्यांच्या सहीने बिले निघतात त्यांच्यासाठी. गेटवर जाता-येता बराच वेळ मोडतो. तो वेळ हजेरीत धरला जात नाही. मग तो भरून काढायला काय होते? "चल लवकर उतर, टाकी एवढी साफ करून टाक." ना पट्टा, ना वायू तपासणे, ना वर कुणी उभा. आणि उतरायला सांगतात कुणाला, हेही ठरलेले असते. सुकन्या शांता या पत्रकार भगिनीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 3 ऑक्टोबर 2024 रोजी निकाल दिला. तुरुंगात जातीवरून कैद्यांना कामे वाटणे घटनाबाह्य ठरवले, कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाकायला सांगितले आणि हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा 2013 चा कायदा तुरुंगालाही बांधील आहे हे स्पष्ट केले. आत कैद्याला जे करायला लावता येत नाही, ते बाहेरून आलेल्या आपल्या पोराला करायला लावायचे? पोराला आम्ही बजावले, मुकादम कितीही ओरडला तरी टाकीत उतरायचे नाही. नियम गेटवर पाळायचा आणि मॅनहोलवर मोडायचा, असे चालणार नाही. हजेरी गेटवरच्या नोंदीच्या वेळेपासून धरावी, असा शेरा आम्ही आमच्या टेबलावर आलेल्या एका बिलावर लिहिला आहे. साहेबांनी अजून त्यावर काही लिहिलेले नाही.

पोरगा कामावर परत गेला. आता तो हत्यारांची यादी घरूनच लिहून नेतो, दोन प्रतींत. एक गेटवर देतो, दुसरीवर हवालदाराची सही घेऊन स्वतःजवळ ठेवतो. दुपारच्या सुट्टीत स्वतःहून मोजतो. पहिल्या दिवशी बाकीचे कामगार हसले, तिसऱ्या दिवशी वायरमनने आपलीही यादी त्याच्याकडून लिहून घेतली. मोबाईल गेटवर जमा होतो, त्यामुळे यादीचा फोटो काढता येत नाही, आणि दोनदा लिहायचा त्याला कंटाळा येतो. म्हणून काल त्याने आमच्याकडे कार्बन पेपर मागितला. आमच्या कार्यालयाच्या कपाटात जुना गठ्ठा पडलेला आहे, पण तो सरकारी. चार दुकाने फिरून एका ठिकाणी मिळाला, तो विकत घेऊन दिला.